सवलतीच्या तिकिटावर महिन्याचा खर्च बसवावा का?

सिंहगड रस्त्यावरचे एक निवृत्त वाचक विचारतात: लेक दादरला असते. आम्ही दोघं महिन्यातून दोनदा शनिवारी जातो, रविवारी परततो. रिकाम्या जागांवर रेल्वे २५ टक्के सूट देते असं वाचलं. मग जुनी कार विकून एसी चेअर कारनेच जावं का?

कार खुशाल विका. पण हिशेबात ही सूट धरू नका.

रेल्वे बोर्डाने जुलै २०२३ मध्ये विभागीय रेल्वेंना २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचे अधिकार दिले, हे खरं. मात्र अट अशी की, मागच्या ३० दिवसांत त्या वर्गातल्या निम्म्याहून कमी जागा भरलेल्या हव्यात. गाडी रिकामी धावली काय, भरून धावली काय, रेल्वेचा खर्च साधारण तोच. म्हणून एरवी कुणी बसणारच नाही, ती जागा स्वस्तात निघते. पुणे-मुंबई मार्गावर शनिवार-रविवारी अशी जागा? पासवाल्यांना विचारा, ते हसतील.

शिवाय सूट फक्त मूळ भाड्यावर. समजा मूळ भाडं ४०० रुपये. त्यावर आरक्षणाचे ४०, सुपरफास्टचे ४५ आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५०९. सूट मिळाली तर ३०० अधिक तेच ८५, वर जीएसटी, म्हणजे ४०४. पाव भाग वाटतो, प्रत्यक्षात वाचतो पाचवा हिस्सा. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मार्च २०२० पासून बंद आहे. तुमच्या आकडेमोडीत ती डोकावतेय असा मला संशय आहे.

तेव्हा पूर्ण भाडंच धरा. दोघांच्या दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला आठ तिकिटं, सुमारे ४,१००. वर्षाला ४९ हजारांच्या आसपास. दादर आणि घराकडच्या रिक्षा-टॅक्सीचे वेगळे. कारचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि टोल याहून जास्त होत असेल तर विक्री योग्यच. आलेल्या रकमेतून वर्षाचं भाडं बचत खात्यात ठेवा, उरलेलं मुदत ठेवीत.

एक मात्र आहे. नोकरदारांकडे नसलेली गोष्ट तुमच्याकडे आहे, मधल्या वारची दुपार. सूट लागलीच तर अशा वेळच्या गाडीला लागण्याची शक्यता जास्त. लेकीला एकदा विचारून पाहा, मंगळवार-बुधवार चालेल का. नाहीच जमलं तर साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, तेव्हाच तिकीट काढा. बेत बदलला तर लवकर रद्द करा, गाडीची वेळ जवळ येते तशी कपात वाढत जाते.