सत्ता गमावल्यानंतर शांततेची भाषा बोलणाऱ्या राष्ट्रप्रमुखावर विश्वास ठेवावा का?

आपला प्रश्न वाचताच मला नायजेरियाचे जनरल याकुबू गोवन आठवले. त्यांच्याविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि माझे उत्तर ‘ठेवावा’ असेच आहे, मात्र त्यांच्या खात्यावरचे मृत्यू विसरून नव्हे.

१९६६ च्या लष्करी उठावानंतर गोवन वयाच्या ३१ व्या वर्षी राष्ट्रप्रमुख झाले. पुढच्याच वर्षी इग्बो या वांशिक समाजाची बहुसंख्या असलेल्या पूर्व भागाने ‘बियाफ्रा’ या नावाने स्वतंत्र राष्ट्र घोषित केले आणि तीस महिने युद्ध चालले. त्यांच्या सरकारने केलेल्या नाकेबंदीत लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यांत लहान मुले फार होती. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली, तेव्हा ‘कोणी विजयी नाही, कोणी पराजित नाही’ ही भूमिका गोवन यांनी जाहीर केली आणि ज्या सूडाची सर्वांना धास्ती होती तो घेतला गेला नाही. तरीही युद्धकाळात बँकेत व्यवहार केलेल्या इग्बोंना, शिल्लक कितीही असो, वीस पौंडच मिळाले; ही सल आजही आहे आणि ती रास्त आहे.

२९ जुलै १९७५ रोजी ते आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेसाठी युगांडाच्या राजधानीत, कंपालात असताना लष्कराने त्यांना पदच्युत केले. त्यांनी सैन्यातील आपल्या माणसांना चिथावले नाही, नव्या सरकारला मान्यता दिली आणि इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात राज्यशास्त्र शिकू लागले. कालचा राष्ट्रप्रमुख हातात ताट घेऊन विद्यार्थ्यांसोबत खानावळीच्या रांगेत उभा असे, हे दृश्य मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा अधिक सांगून जाते. १९७६ च्या फसलेल्या उठावात त्यांचे नाव गोवले गेले, लष्करी हुद्दाही गेला. १९८१ मध्ये माफी मिळाली.

१९९६ मध्ये त्यांनी ‘नायजेरिया प्रेज’ ही प्रार्थना चळवळ सुरू केली आणि देशातील सलोख्यासाठी राज्याराज्यांतून फिरू लागले. मला मात्र त्यांचे नारू, म्हणजे दूषित पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जंताचा रोग, त्याच्या निर्मूलनाचे काम अधिक मोलाचे वाटते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या आपल्या गावांना पायातून हळूहळू बाहेर येणाऱ्या त्या जंताची वेदना ठाऊक होती. गोवन अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या ‘कार्टर सेंटर’ या संस्थेच्या साथीने गावोगावी गेले, पाणी गाळून पिण्याचा आग्रह धरला आणि अधिकाऱ्यांकडे स्वच्छ पाण्याची मागणी लावून धरली. नायजेरियातील नारूचा शेवटचा रुग्ण २००८ मध्ये एनुगू राज्यात सापडला. त्या राज्याचे मुख्य शहर एनुगू ही बियाफ्राची पहिली राजधानी होती.