रुआहाची सफारी रद्द, परतावा नाही: आधी तारीख मोजा

प्रश्न : आम्ही नाशिकचे. चौघांसाठी टांझानियातल्या रुआहा राष्ट्रीय उद्यानाची सहल पुण्याच्या एका टूर कंपनीकडे ठरवली आणि 11 लाख 40 हजार रुपये भरले. 7 एप्रिलला निघायचं होतं. 28 मार्चला मेल आला : अतिवृष्टीमुळे कॅम्प बंद आहे, बदल्यात मिकुमी या दुसऱ्या उद्यानात जा किंवा पुढच्या हंगामाची क्रेडिट नोट (भरलेली रक्कम पुढच्या सहलीत वळती करण्याची चिठ्ठी) घ्या. क्रेडिट नोटेला मी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चालेल’ लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी वर तीन लाख मागितले, म्हणून गेलो नाही. नोटेची मुदतही संपली. परतावा मागितला की ‘देतो, देतो’ म्हणतात. येत्या मार्चअखेरीस या सगळ्याला दोन वर्षं होतील. आधी वकिलाची नोटीस पाठवू का?

उत्तर : नोटीस नंतर. आधी तक्रार दाखल करा, आणि ती 28 मार्चच्या आत करा.

तुमच्यासारखी पत्रं महिन्याला दोन-चार तरी येतात. देश बदलतो, कंपनी बदलते, दिरंगाई तीच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. फोन, मेल, तगादे यांनी ही मुदत वाढत नाही. आपणच पाठवलेल्या नोटिशीनेही नाही. नोटीस दिलीच पाहिजे असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. तुम्ही नोटीस पाठवणार, ते पंधरा दिवसांनी ‘हिशेब विभागाशी बोलतो’ असं उत्तर देणार, आणि तोवर एप्रिल उजाडलेला असेल. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लेखी द्यावं लागतं. ‘ते देतो म्हणाले म्हणून थांबलो’ हे कारण मी तरी कुणाला भरवशाचं म्हणून सांगणार नाही.

कारण नेमकं कधी घडलं, यावर वाद घालता येईल. तुमच्या ‘चालेल’मुळे जुना करार संपून क्रेडिट नोटेचा नवा करार झाला, असं कंपनीचा वकील म्हणेल. गंमत अशी की तो तसं म्हणाला तर मुदत नोट संपल्यापासून मोजा, असं तुम्हालाही म्हणता येईल. परताव्याच्या मागणीला जो शब्द आडवा येतो, तोच मुदतीच्या मुद्द्यावर हाताशी येऊ शकतो. पण त्यावर विसंबू नका. सगळ्यात वाईट तारीख धरून चाला. ती 28 मार्च.

आता ‘अतिवृष्टी’. टांझानियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, तिथले लोक त्याला मासिका म्हणतात. रुआहा आणि दक्षिणेतलंच न्येरेरे उद्यान या भागातले बरेच कॅम्प एप्रिल-मे मध्ये दरवर्षी बंदच असतात, आणि त्यांच्या दरपत्रकात तसं छापलेलं असतं. ताडोबाचा गाभा 1 जुलैपासून तीन महिने बंद असतो, म्हणून चंद्रपुरात कुणी दैवी आपत्ती आली म्हणत नाही! तुमच्या कॅम्पला आजच मेल टाकून त्या वर्षाचं दरपत्रक मागवा. बंदचे महिने त्यात असतील तर बुकिंग घेतानाच कंपनीला ते ठाऊक असायला हवं होतं, आणि सेवेतली त्रुटी दाखवायला याहून चांगला कागद नाही. तो यायला वेळ लागला तरी तक्रार अडवून ठेवू नका; नंतर जोडण्यासाठी अर्ज करता येतो. बाकी, एप्रिलचा दर कमी असेल तर तो का, हे पैसे भरण्याआधी तुम्ही विचारायला हवं होतं.

मिकुमीचा पर्याय नाकारला म्हणजे सहल ‘प्रवाशाने रद्द केली’, असा सूर ते लावतील आणि करारातला कपातीचा तक्ता पुढे करतील. रुआहाला दार-ए-सलामहून छोट्या विमानाने म्सेंबेच्या धावपट्टीवर उतरतात. मिकुमीतून तर महामार्गच जातो. दोन्ही एकच म्हणणं आयोगाला पटेल असं वाटत नाही, पण आधी तुमच्या माहितीपत्रकात ‘तत्सम उद्यान’ असे शब्द आहेत का ते पाहा.

एक काळजी घ्या. तक्रारीच्या मसुद्यात ‘अनुचित करार’ या शब्दांवर भर नको, कारण त्या मागणीचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला दिला आहे. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ यांवर तक्रार बांधा. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने ती जिल्हा आयोगात जाते, आणि तुम्ही राहता तिथे म्हणजे नाशिकलाच करता येते. ‘फक्त पुणे न्यायालय’ किंवा लवादाचं कलम यांना घाबरू नका. दहा ते वीस लाखांच्या टप्प्याला शुल्क 400 रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, फक्त शेवटच्या रात्री बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत द्या, आणि ‘चालेल’ पुसून टाकू नका; समोरच्याकडे ते आहेच.

‘आम्ही फक्त एजंट, पैसे टांझानियाच्या कंपनीला गेले’ हा बचाव कितपत टिकेल, ते पावती कुणाच्या नावाची आहे त्यावर ठरेल. विमान तिकिटं वेगळी काढली असतील तर तो दावा तुलनेने कच्चा, तरी मागून ठेवा.

निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. वाचून बरं वाटतं. कंपनीला म्हणणं मांडायला 30 अधिक 15 दिवस, त्यापुढे एकही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय; तारखा मात्र त्यानंतरही पडत राहतात. वर्ष-दोन वर्षं गृहीत धरा.

टूर कंपनीने तुमच्याकडून घेतलेला टीसीएस (परदेश सहलीच्या रकमेवर विक्रेता गोळा करतो तो आयकर) तुमच्या पॅनवर जमा झाला असेल आणि विवरणपत्रात तुम्ही तो वळता करून घेतला असेल, तर तेवढी रक्कम मागणीतून वजा करा. ती वजा केली नाही आणि तुमचं 26एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तपशील) समोरच्या वकिलाने आयोगापुढे मागवलं, तर बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाईल.