नागपुरात घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवतोय, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कुठे बसवायचे?

नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारांचा खालचा आधार) 648 मिमी धरलंत तर त्याला 17.817 ने भागा: 36.37 मिमीवर पहिला फ्रेट. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागत जा आणि येणारं अंतर आधीच्या अंतरात मिळवत जा. बारावा बरोबर 324 वर यायला हवा. खुणा मात्र सगळ्या नटपासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात की चूक साचत जाते आणि वरचे सूर बेसूर लागतात, मग ब्रिज कितीही सरकवा.

मानेला सागवान चालतं, पण तेलकट. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा. लाकूड ओलसर राहिलं तर आपल्या मे महिन्यात फिंगरबोर्ड (मानेवरची, फ्रेट बसवलेली फळी) आक्रसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात खरवडतात. शक्यतो फ्रेट उन्हाळ्यातच ठोका. पावसाळ्यात ठोकायचेच तर टोकं काठापासून जराशी आत ठेवा.