खडू मोडला तेव्हा

प्रिय पोरी,

तोंडी परीक्षेत बाईंनी काय विचारलं ते कळलंच नाही, असं तू लिहिलंस. कळणार कसं? आवाज कापतोय का, घाम दिसतोय का, याची राखण चालली होती तुझी. प्रश्नाला जागाच उरली नाही.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हे चक्र नीट उलगडून दाखवलं. चारचौघांत भीती वाटली की माणसाचं लक्ष आत वळतं. आणि आत जे जाणवतं, तेच बाहेर दिसत असणार असं तो धरून चालतो. छाती धडधडतेय, म्हणजे ती सगळ्यांना कळतेय! मग आणखी धडधड. समोरच्या बाई मान डोलावत असतात, ते मात्र नजरेतून सुटतं.

भीती लपवायला आपण जे करतो, तेही अंगाशी येतं. पहिल्या तासाला हात थरथरू नये म्हणून मी खडू इतका घट्ट धरला की तो मोडला. वर्ग चिडीचूप. सर भडकलेत असं पोरांना वाटलं! थरथर कुणाच्या गावीही नव्हती.

अमेरिकेत विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांमध्ये पाठवल्याचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या जणांच्या तो लक्षात येईल, असा त्यांचा अंदाज होता. आला सुमारे पाव जणांच्या.

घरचे म्हणतात ना, ‘फार स्वतःचाच विचार करतेस’? मनाला लावून घेऊ नकोस. भ्यालेलं माणूस असंच करतं, त्यात स्वार्थ कसला! आणि ‘आता स्वतःकडे बघायचंच नाही’ असा निश्चयही करू नकोस; मग तो पाळतेयस की नाही हेच बघत बसशील. लक्षाला बाहेरचं काम दे. प्रश्नातल्या कुठल्या शब्दावर बाईंनी जोर दिला, एवढंच टिप.

या आठवड्यात एक कर. मैत्रिणीसमोर एकाच विषयावर दोनदा बोल: एकदा स्वतःवर पहारा ठेवून, एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघत. दोन्ही वेळा मोबाइलवर चित्रण कर. ते बघण्याआधी आपण कशा दिसलो असू ते कागदावर लिही; बघून झाल्यावर खाली पुन्हा लिही.

भीतीपायी कॉलेज बुडायला लागलं, तर मात्र माझ्या पत्रांवर विसंबू नकोस. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६; मराठीतही बोलता येतं.

चित्रण मला नको. कागद घेऊन रविवारी ये.

तुझा,
सर