फिल्टर वाळला का?

फोंड्यात घरगुती यंत्रं दुरुस्त करण्याचं माझं टेबल आहे. पावसाळ्यात त्यावर मिक्सरच्या खालोखाल काही येत असेल, तर छोटे, स्वस्त व्हॅक्यूम क्लीनर. बहुतेक मोटर शाबूत असताना ‘बिघडले’ म्हणून आणलेले असतात. एवढी चांगली वस्तू भंगारात जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतले आहेत.

ताळगावात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दिवाळीत अडीच हजारांचा ८०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. मेपर्यंत छान चालला. आता आवाज पूर्वीपेक्षा मोठा, पण चुरमुऱ्याचा दाणाही उचलत नाही. मोटर गेली का?

नाही गेली. आवाज वाढला हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच उत्तर आहे. मोटर जायला लागली की आवाज खरखरतो, पडतो, जळका वास येतो. हवा अडली की मात्र तो चढतो आणि बारीक होतो. आतल्या पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, भार हलका होतो, म्हणून तो जास्त वेगाने फिरतो. धडधाकट मशीनच्या तोंडावर क्षणभर तळहात दाबा, हाच सूर ऐकू येईल.

आता हवा कुठे अडली ते बघायचं. पाइप काढून मशीनच्या तोंडावर हात धरा. जोरात ओढ लागली तर दोष पाइपात. मुलांची एक गोटी पाइपात वरून सोडा, ती खाली पडली नाही तर मध्ये बोळा बसलाय. ओढ लागलीच नाही तर फिल्टर.

गेल्या आठवड्यात असाच एक उघडला. घड्यांत धूळ नव्हतीच, चिखल होता. नखाने खरवडला तर विटकरी रंगाची वडी निघाली, तिच्यात केस गुंतलेले. ताई म्हणाल्या, ‘धुऊन, हाताला कोरडा लागल्यावरच बसवला.’ वरून कोरडा होता, घडीच्या तळाशी ओला. त्या ओलीवर चिऱ्याची लाल धूळ बसली आणि लिंपण तयार झालं. दिवाळी ते मे हा त्रास होत नाही, कारण तेव्हा फिल्टर खरोखर वाळतो.

हे दुर्लक्षाने मोटरपर्यंत पोचतं. बहुतेक छोट्या मशीनमध्ये जी हवा धूळ ओढते तीच मोटर थंड ठेवते. हवा अडली की मोटर तापते. काही मशीनमध्ये तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय असते. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होतं, म्हणून लोक चालवत राहतात. दर वेळी वायंडिंगवरचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवरचा, लेप थोडा थोडा भाजतो आणि एक दिवस मोटर खरंच जाते.

म्हणून सांगतो, जून ते सप्टेंबर शक्यतो फिल्टर धुऊ नका. अंगणात किंवा गॅलरीत नेऊन रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने घडी-घडीतून झटका. धुवावाच लागला तर पंख्याखाली दोन दिवस उभा ठेवा. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, चौकट वाकडी होते आणि मग कडेने धूळ निसटते. कागदी फिल्टरला पाणी लावायचंच नाही. आणि दुसरा फिल्टर मशीन घेतानाच घ्या. नंतर त्या मॉडेलचा मिळेलच असं नाही.

वास्कोला खिडकीच्या कठड्यावर रोज काळी पूड बसते. १४०० वॅटचं मशीन घेतलं तर जास्त ओढेल का? आणि स्वस्त मशीनवर ‘हेपा’ लिहिलेलं खरं असतं का?

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. ओढ किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते, तो आकडा विचारा. शिवाय १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या वर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावू नये, त्याला १६ अँपिअरचं हवं. जुन्या फ्लॅटमध्ये ते फ्रिजपाशी किंवा गिझरपाशीच असतं.

हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, कण ९९.९७ टक्के अडवतो, हे खऱ्या हेपाचं माप. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या कडेचं रबर सैल असेल तर हवा बाजूने निसटते. पांढरा पातळ रुमाल मागच्या जाळीवर, जिथून हवा बाहेर येते तिथे, दोन मिनिटं धरा. त्यावर राखाडी डाग उमटला तर मशीन एकीकडून ओढून दुसरीकडून घरातच फुंकतंय. रुमालाची युक्ती फार जुनी आहे. १९०१ साली ओढणाऱ्या मशीनचं पेटंट घेणाऱ्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने खुर्चीवर रुमाल टाकून तोंडाने हवा ओढून पाहिली होती. रुमालावर धुळीचा डाग उठला आणि कल्पना चालेल हे कळलं.

तुमच्या काळ्या पुडीला मात्र आधी ओलं फडकं. इतकी बारीक पूड स्वस्त मशीनचा फिल्टर चार दिवसांत बुजवते.

मोरजीला राहतो. मुलं समुद्रावरून रेती घरात आणतात. ती मशीनने ओढली तर चालेल?

चिमूटभर चालेल, ओंजळभर नाही. रेती डबा आतून घासते, आणि फिल्टर नीट बसलेला नसेल तर पंख्यालाही. दारात काथ्याचं जाड पायपुसणं, बाहेर पाय धुवायला नळ, आणि उरलेली रेती झाडूने.

साखळीला जुनं घर आहे. आईला दमा. पावसात कपाटाला आणि गादीला बुरशी येते. व्हॅक्यूम मारू का?

बुरशीवर अजिबात नको. तिचे बीजाणू साध्या फिल्टरमधून निसटून खोलीभर होतात, दम्याच्या माणसाला याहून वाईट काही नाही. आईंना दुसऱ्या खोलीत बसवा, खिडक्या उघडा, नाकावर मास्क लावा, आणि साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. मग कपाट उघडं ठेवून पंखा लावा.

गादीची गोष्ट वेगळी. तिच्यात धुळीतले किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांखाली राहिली तर ते टिकत नाहीत, पण आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वरच असते. त्यामुळे व्हॅक्यूमने ते संपणार नाहीत. त्यांची विष्ठा आणि आपल्या कातडीचा कोंडा मात्र कमी होतो, आणि दमा उठतो तो बराचसा त्या विष्ठेने. बुरशी नसलेल्या भागावरून कोरडा नोझल अगदी सावकाश फिरवा, एकेका पट्ट्यावरून दोनदा. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. हे सगळं, आणि डबा घराबाहेर रिकामा करणंही, आईंनी करू नये. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गादी दोन्ही बाजूंनी तापवा. काळे डाग आत मुरले असतील तर मात्र ती गादी सोडा.

चवथीला माटोळीची (गणपतीवर टांगतो त्या पानाफळांच्या चौकटीची) पानं, फुलं, अक्षता, अगरबत्तीची राख पडते. सगळं मशीनने काढता येईल?

कोरड्या अक्षता खुशाल. ओली पानं-फुलं पाइपात चिकटतात, ती हाताने उचला. राख मुळीच नको. आमच्याच घरी पुतण्याने विझलेली म्हणून धुपाची राख ओढली. आत एक निखारा जिवंत होता. कापडी पिशवीला रुपयाएवढं भोक पडलं, वास आला म्हणून वेळेवर कळलं. समईपाशी सांडलेलं तेल-पाणीही नको. मशीनवर ‘वेट अँड ड्राय’ लिहिलेलं नसेल तर पाणी ओढणं म्हणजे शॉकला आमंत्रण.

सासूबाई म्हणतात, केरसुणी असताना रोज वीज कशाला जाळायची? घर म्हापशाला, एक खोली-किचन.

विजेचा हिशेब छोटा आहे. ८०० वॅटचं मशीन १५ मिनिटं चाललं की ०.२ युनिट जातं, रोज लावलंत तरी महिन्याला ६. पण रोज लावूच नका, सासूबाईंचं बरोबर आहे. मोकळ्या लादीवर केरसुणी जास्त भराभर काम करते. मशीन आठवड्यातून दोनदा, केरसुणी पोचत नाही तिथे: पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, फ्रिजमागे, खिडकीच्या सरकत्या दाराच्या खाचेत. आणि ते खाटेखाली भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसात तिथेच ओल येते. पाइप न मुडपता खिळ्याला टांगा, आणि डबा रिकामा करून झाकण उघडं ठेवा.