पुराचा क्लेम निम्माच का मिळाला आणि नूतनीकरणाआधी काय बघायचं

दादा, तुमचा प्रश्न असा : सांगलीच्या गणपती पेठेत किराण्याचं होलसेल दुकान, पुरात 4 लाखांचा माल भिजला, सर्व्हेअरनं (नुकसान मोजणाऱ्या माणसानं) नुकसान 4 लाखच धरलं, तरी हातात 2 लाख आले. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करायचं?

कंपनीनं लुबाडलं असं तुम्हाला वाटतंय, पण आकडे वेगळं सांगतात. त्या दिवशी दुकानात माल 20 लाखांचा होता, विमा 10 लाखांचा. निम्म्या मालाचा विमा, म्हणून भरपाईही निम्मी. याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. किती भिजलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

हा 10 लाखांचा आकडा बहुधा बँकेनं टाकलेला असणार. सीसी लिमिट (मालावर मिळणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) जेवढं, तेवढाच विमा. बँकेला तिच्या कर्जाची काळजी, तुमच्या मालाची नाही. शिवाय गणपतीच्या तोंडावर आपण दुकान गच्च भरतो, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळीही नेमकी तेव्हाच वाढते. 45 फूट धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा विमा वर्षाच्या सरासरी मालाचा नको, ऑगस्टमधल्या मालाचा काढा.

1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही विमा पॉलिसी मिळते. त्यात पूर धरलेलाच आहे आणि 15 टक्क्यांपर्यंत कमी विमा असला तर ॲव्हरेज लावत नाहीत. माल कुपवाडच्या गोदामातही ठेवत असाल तर तो पत्ता पॉलिसीत हवाच.

पाणी ओसरल्यावरचं काम जास्त किचकट. नियमानं 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत अहवाल द्यायचा. पण अख्ख्या पेठेचे क्लेम एकदम गेले की त्याची वाट बघण्यात दिवस जातात आणि माल सडायला लागतो. साखर तर विरघळूनच जाते, मागे रिकामी पोती राहतात. ती कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. मोजा, कारखान्याचं नाव दिसेल असे फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून एक फोटो घ्या. माल फेकण्याआधी कंपनीला मेल टाका.

जीएसटीचा मुद्दा बरेच जण विसरतात. नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) परत करावं लागतं. म्हणून विम्याची रक्कम जीएसटी धरून ठरवा, नाहीतर तो भुर्दंड तुमच्या खिशातून.

आणि हो, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न आणि वह्या, सर्व्हेअर तिन्ही शेजारी ठेवून बघतो. लिमिट वाढावं म्हणून बँकेला माल फुगवून दाखवायची आपल्याकडची सवय इथं अंगाशी येते : कागदावर माल जास्त दिसला की ॲव्हरेजची कात्री आणखी खोल जाते.

झालेल्या क्लेमबद्दल : सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. त्या 20 लाखांत कोणाची कमिशनवर ठेवलेली हळद किंवा गूळ धरलाय का बघा. तो माल तुमच्या पॉलिसीत नसेल तर गुणोत्तर बदलतं आणि तेवढ्यापुरती कंपनीकडे तक्रार करता येते. महिन्यात निकाल लागला नाही किंवा नकार आला, आणि दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.