पणजोबा-पणजींचे जुने फोटो कॅनव्हासवर छापून हॉलमध्ये लावावेत का?

तुम्ही विचारलंय की गावच्या घरातून आणलेले पणजोबा-पणजींचे कृष्णधवल फोटो कॅनव्हासवर मोठे करून हॉलमध्ये लावले तर कसे दिसतील, आणि करून घेताना काय सांभाळायचं. जरूर लावा. सांगलीकडचं आमचं घर विकलं तेव्हा भिंतीवरचे फोटो मी ठाण्याला आणले. त्यातले तीन आज कॅनव्हासवर आहेत. पैकी एक मला दोनदा छापून घ्यावा लागला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

तो फोटो पणजोबांचा. डोक्याला पागोटं, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि कठडा, हात उंच तिवईवर टेकलेला. फोटोवर बुरशीचे ठिपके होते, ते काढायला मी दुकानात सांगितलं. त्यांनी ठिपके काढले आणि त्याबरोबर गालावरचे देवीचे व्रणही पुसून टाकले. कातडी अगदी तुळतुळीत झाली. आत्याने पाहिलं आणि म्हणाली, "हे आमचे आजोबा नव्हेत गं." तिच्या आठवणीतला चेहरा त्या व्रणांसकटच होता. म्हणून टच-अपला देण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ फोटो घेऊन बसा. कपाळावरचं गोंदण, तीळ, भुवईवरची खोक, यातलं काय खरं आणि डाग कुठला, हे प्रिंटवर पेन्सिलीने खुणा करून दुकानदाराला द्या. मूळ फोटोवर नव्हे, झेरॉक्सवर. मोबाइलवरच्या "फोटो नवा करा" छापाच्या ॲपवरही फार विसंबू नका. अस्पष्ट डोळे ते स्वतःच्या अंदाजाने भरतं आणि माणूस बदलून जातो.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओल लागून फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो, ओढला की चेहराच सोलून येतो. काचेसकटच स्कॅन करा. सुटा असेल तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल येतील असा, स्कॅन करून घ्या. कॅनव्हास खरखरीत असतो, त्यामुळे त्याला इंचाला १५० पिक्सेल पुरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचांचा फोटो १६ बाय २४ इंचांपर्यंत व्यवस्थित जातो, अर्थात मूळ फोटो रेखीव असेल तर. काळ्या भागावर निळसर, आरशासारखी चकाकी आली असेल तर ती फोटोच्या थरातलीच वर आलेली चांदी आहे. स्कॅनरमध्ये ती पांढरी उमटते. असा फोटो दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकून कॅमेऱ्याने काढलेला बरा.

मुंजीचा, लग्नाचा तीस-चाळीस माणसांचा फोटो मात्र कॅनव्हासवर छापू नका. वाटाण्याएवढे चेहरे कापडाच्या पोतात विरघळतात. तो मॅट कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्येच शोभतो. कॅनव्हास एकट्या माणसाच्या किंवा जोडप्याच्या फोटोला.

कडांचं आधीच ठरवा. कापड लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल करतात, तेव्हा चारही बाजूंची दीड-दोन इंच पट्टी वळणात जाते. पणजीच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे आणि नऊवारीच्या काठाखाली तिची जोडवी जेमतेम दिसतात. हे दोन्ही वळणात गेलं असतं. "कडा साध्या रंगाच्या ठेवा, फोटो पूर्ण समोर येऊ द्या" असं सांगितलं, म्हणून वाचलं. रंग भरून घेऊ नका, असं माझं मत. त्या लुगड्याचा रंग आज कुणालाच ठाऊक नाही. मूळची तपकिरी छटा तेवढी राखायला सांगा, क्रीम रंगाच्या भिंतीवर ती फार सुरेख दिसते.

बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर आतली भिंत निवडा, आणि चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते. थेट ऊन नको. चेहरा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला येऊ द्या. जुन्या घरात छताजवळ, पुढे झुकलेले फोटो असत, तसं फ्लॅटमध्ये केलं तर चेहरे दिसतच नाहीत.

आणि एक राहिलं. श्राद्धाला, पुण्यतिथीला आपण फोटोला गंध लावतो, हार घालतो. काचेवरचं गंध पुसून निघतं, कॅनव्हासमध्ये ते मुरतं आणि झेंडूचा रंगही उतरतो. आमच्याकडे त्यासाठी त्याच फोटोची काचेची छोटी फ्रेम वेगळी केली आहे. तिथीच्या दिवशी ती पाटावर येते, गंध-फूल तिला होतं.